न दिसलेली पाणमांजरं

९ फेब्रुवारी

आज साहेबांची जीप आली. त्यांच्याबरोबर एक बाई उतरली. वय तिशीच्या आसपास, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि चालणं असं की तलाव जणू तिच्या वडिलांनी खणला आहे. साहेब म्हणाले, "मामा, या आकडेशास्त्राच्या. तुमच्या वह्या यांना द्यायच्या." ऑफिसात मला सगळे मामा म्हणतात. नुसतं म्हणतात कुठलं, बनवतातही.

एकतीस वर्षं मी रोज सकाळी तलावाचा काठ चालतो. काठावर वीस दगड आहेत, प्रत्येकावर नंबर. पाणमांजर दगडावर विष्ठा टाकून जातं, बाजूच्या चिखलात पाच बोटांचा पंजा उमटतो. ज्या दगडापाशी ताजी खूण दिसेल त्याच्या रकान्यात मी फुली मारतो. चौथी शिकलेल्या माणसाला झेपेल एवढंच काम, पण एकतीस वर्षं दुसऱ्या कुणाला ते झेपलं नाही. म्हणून तर निवृत्तीनंतरही मला ठेवून घेतलं आणि ही दोन खोल्यांची जागाही राहू दिली.

जाता जाता साहेबांनी, पाऊसपाणी सांगावं तसं, सांगितलं की अठ्ठावीस मार्चला समिती बसणार आहे. पाणमांजरं टिकून आहेत असं ठरलं तर तलाव बंद राहील. नाही तर वरचा अर्धा भाग मोटारबोटींना खुला होईल.

"आणि आमची खोली?"

"तिकीटखिडकी," साहेब म्हणाले.

बाईनं व्हरांड्यात काळं कुत्रं बसवलं होतं. मी हाड हाड केलं तर ती पिशवी निघाली. असल्या रंगाची पिशवी आणावी कशाला माणसानं.

१२ फेब्रुवारी

बाई ऑफिसच्या मागच्या खोलीत माझ्या वह्या पसरून बसली आहे. तिला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही. चहा घेणार का विचारलं तर सत्तर टक्के घेईन म्हणते. मी तिचं नाव टक्केवारी ठेवलं.

आज तिनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, "काका, एक विचारू? या वह्यांत फुल्या आहेत आणि रिकामे रकाने आहेत. रिकामा म्हणजे काय?"

"रिकामा म्हणजे रिकामा."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही गेला नव्हता, की गेलात पण काही दिसलं नाही?"

मी म्हटलं, दिसलं नाही तर लिहायचं काय? भिकाऱ्यानं रिकामी वाटी लोकांना दाखवत फिरायची का?

ती हसली नाही. म्हणाली, "माझ्या दृष्टीनं ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत. कुणी पाहिलंच नाही तर पाणमांजराबद्दल मला काहीच कळत नाही. पाहिलं आणि दिसलं नाही, तर ती बातमी आहे. तुमच्या वह्यांवर विश्वास ठेवला तर एकतीस वर्षांत तुम्ही गेलात आणि काही दिसलं नाही असा एकही दिवस नाही. असं जगात कुठं होत नाही."

माझ्या वह्यांवर विश्वास ठेवला तर! पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हा मी या चिखलात उभा होतो. हे तोंडावर बोललो नाही, इथं लिहितो.

पुढं म्हणाली, "पूर्वी वर्षाला दोनशेच्या वर फुल्या आहेत. गेली सहा वर्षं कमी होत होत गेल्या साली सदतीस. एक तर तुमचं जाणं कमी झालं, नाही तर पाणमांजरं कमी झाली, नाही तर तिसरं काही."

तिसरं काय ते मी विचारलं नाही. पहिलं ऐकूनच माझं टाळकं फिरलं होतं. जाणं कमी झालं म्हणे.

१५ फेब्रुवारी

साहेबांचं पत्र आलं. घरी आमच्या हिनं वाचून दाखवलं, कारण ऑफिसचा प्रिंटर हल्ली इतकं फिकं छापतो की वाचणाऱ्याची परीक्षाच. आधी वर्तमानपत्रवाल्यांनी शाई पातळ केली, आता यांनी. पत्रात लिहिलंय की गेल्या दहा वर्षांच्या रिकाम्या रकान्यांचा खुलासा लेखी द्यावा, "कामावर गैरहजर की निरीक्षण निरंक."

गैरहजर. हा शब्द माझ्या नावापुढं. ही म्हणाली, "अहो, विचारलंय नुसतं, फाशी नाही दिली." हिला काय कळणार. मी वह्या परत मागवल्या आहेत.

२१ फेब्रुवारी

पाच दिवस खिडकीशी बसून वह्या भरल्या. दहा वर्षांच्या प्रत्येक रिकाम्या रकान्यात माझ्या हातानं शून्य. हजारोंनी असतील. मान मोडली, अंगठ्याला घट्टा पडला. पण आता कुणी म्हणू दे गैरहजर.

वह्या नेऊन टक्केवारीच्या टेबलावर आपटल्या. तिनं दोन-चार पानं उलटली आणि विचारलं, "ही शून्यं कुठं बसून काढलीत, काका? उजेड होता ना?"

भर दुपारचा होता, म्हटलं. का?

"काही शून्यं रेघेवर पडली आहेत. एका रकान्यात दोन आहेत, शेजारचा मोकळा आहे."

वीस रकाने एका ओळीत, वर मुंगीएवढे. छापणाऱ्याला सांगा म्हटलं.

२५ फेब्रुवारी

आजच्यासारखा दिवस वैऱ्यावर येऊ नये.

बाईनं शून्यं मशीनमध्ये भरली. तिच्याकडं एक मॉडेल आहे, म्हणजे आकड्यांचा साचा. एका बाजूनं फुल्या-शून्यं घालायची, दुसऱ्या बाजूनं शक्यता बाहेर येते. प्रत्येक दगडापाशी अजून पाणमांजर आहे याची शक्यता. तिनं साहेबांसमोर मला समजावून सांगितलं. सहा वर्षांपूर्वी शंभरात नव्वद. आज शंभरात अकरा.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे या शून्यांवरून तरी ती जवळजवळ संपली आहेत."

मी म्हटलं, पाणमांजरं आहेत. मला ठाऊक आहे, आहेत. पाण्यात बुडी मारल्याचा आवाज येतो, पहाटे एकमेकांना शीळ घालतात.

"आवाजाचा रकाना वहीत नाही ना, काका."

"तुमच्या मशीननं मारली त्यांना. कालपर्यंत होती."

साहेब म्हणाले, "मामा, शून्यं तुम्हीच लिहिलीत." बोट कंपनीचा ठेकेदार कुणाचा पाहुणा आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे, पण साहेबांच्या आवाजात आनंद होता असं मी म्हणणार नाही. दुःखही नव्हतं.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं, एक दिवस चुकलो नाही, त्याचं हे फळ. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "एक दिवस कसा? माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा एकोणीस दिवस माझ्या उशाशी बसला होतात. तलावाकडं फिरकलाही नाहीत."

"ते वेगळं."

"त्या एकोणीस दिवसांतही शून्यं मारलीत?"

मी जेवलो नाही. एकोणीस गुणिले वीस, तीनशे ऐंशी शून्यं मी खोटी मारली. रागाच्या भरात मारली. पण हिनं नेमकं आजच आठवण काढायचं काय कारण होतं?

१ मार्च

टक्केवारी घरी आली. मी दार अर्धंच उघडलं. ही आतून ओरडली, "कोण आहे? आत घ्या की." मग काय, घरचीच फितूर.

हिनं तिला एकोणीस दिवसांचं लगेच सांगून टाकलं. टक्केवारीला वाटलं मी खूश होईन. म्हणाली, ती शून्यं काढून टाकते, पण त्यानं फार फरक पडणार नाही, ते जुनं वर्ष आहे. घोळ शेवटच्या सहा वर्षांचा आहे. मग तिनं ते तिसरं काढलं. "काका, पाणमांजर असतं, खूणही असते, पण बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते. थोडी सगळ्यांच्याच सुटते. किती सुटते ते कळलं की शून्याचं वजन किती धरायचं ते ठरवता येतं."

माझ्या नजरेतून सुटते असं म्हणायचंय का?

"माझ्याही सुटते. म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजायचं."

हे माझ्या डोक्यावर मिरे वाटणंच होतं. पण ही मध्येच म्हणाली, "म्हणजे तांदळासारखं." टक्केवारी हिच्याकडं बघायला लागली. ही म्हणाली, "मी तांदूळ निवडून ठेवायचे, मग सासूबाई तेच पुन्हा निवडायच्या. मला मिळालेल्या खड्यांची खूण ठेवायची, त्यांना कोणते मिळाले ते बघायचं. त्यांना माझ्यापेक्षा खूप जास्त मिळाले की मला कळायचं, माझं लक्ष कुठं होतं. आणि दोघींच्या हातून सुटलेले जेवताना दाताखाली."

"अगदी तेच," टक्केवारी म्हणाली. "फक्त दाताखाली येण्याआधी किती असतील ते मी मोजते."

दोघी हसल्या. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून. तीस वर्षांत हिनं माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, आणि आज दहा मिनिटांत शास्त्रज्ञ झाली.

चार तारखेपासून दहा दिवस दोघांनी चालायचं ठरलं. एक दिवस ती आधी, एक दिवस मी, मध्ये तासाचं अंतर. बोलायचं नाही. रोजचं कार्ड आपापल्या पाकिटात बंद, पाकिटं साहेबांकडं. मी हो म्हटलं. एकतीस वर्षांचा माणूस आणि महिन्याभराची पाहुणी, होऊ दे निकाल.

७ मार्च

धुकं. सहा वर्षांपासून तलावावर धुकं वाढत चाललं आहे, हल्ली दुपारीसुद्धा उठत नाही. हवा बिघडली आहे. याचं कुणी मॉडेल करत नाही.

आज नवव्या दगडाशी ठेचकाळलो. दगड हलवलाय कुणी तरी.

११ मार्च

टक्केवारी माझ्या पुढं चालली होती. लांबून मला तिचा ठिपका दिसतो आणि ठिपका सारखा वाकतो. दर दगडाशी वाकतो. इतकं वाकायला काय सापडतंय तिला? मला तर गेल्या चार दिवसांत दोनच फुल्या. ती कार्ड रंगवत असणार. शिकलेल्या माणसाला खोटं लिहिणं सोपं, अक्षर सुबक येतं.

१५ मार्च

पाकिटं फोडली. तिच्या एक्केचाळीस खुणा, माझ्या सात.

माझ्या सातांतल्या सहा तिच्या यादीत होत्या. एक नव्हती, पंधराव्या दगडामागची. मी साहेबांना म्हटलं, बघा, हिची सुटली. टक्केवारी खुशीत म्हणाली, "ही फार मोलाची आहे, काका. यावरूनच कळतं की माझ्याही सुटतात. दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या अजून सहाएक असतील. म्हणजे एकूण अठ्ठेचाळीसच्या आसपास." मी तिला खाली पाडायला गेलो आणि तिनं ते उचलून गणितात घातलं.

मग हळू आवाजात म्हणाली, "त्यातल्या तुम्हाला दिसल्या सात. शंभरात पंधरा."

मी म्हटलं, तू एक्केचाळीस स्वतः उमटवल्या असतील. चिखलात पाच बोटं दाबायला काय लागतं. मी तिला एकेरीत बोललो. साहेबांनी मान खाली घातली. तिनं मला एक चिठ्ठी दिली. त्यावर जाड अक्षरात आजच दिसलेल्या खुणेची जागा, "दगड सात, पाण्याच्या बाजूनं, एक वीत खाली."

१६ मार्च

गेलो होतो.

सातवा दगड, पाण्याची बाजू. चिखल, नुसता तपकिरी चिखल. मी म्हटलं, सापडली चोरी. मग गुडघे टेकले, एक वीत मोजली आणि हात ठेवला. माझी बोटं खड्ड्यांत गेली. पाच खड्डे, मध्ये पडद्याची कड. दोन बोटांत जरासं जुनं पाणी. बाजूला ओली विष्ठा, बोटांना खवलं लागली, माशाचा तो वास आला. असं माणसाला करता येत नाही. एकतीस वर्षं मी तो पंजा पाहिला आहे, खोटा असता तर हाताला कळला असता.

हात तिथंच ठेवून मी चेहरा अगदी जवळ नेला. तरी मला तो दिसला नाही.

मग आठव्या दगडाशी हातानं शोधलं. दहाव्याशी. तेराव्याशी दोन होते. घरी आलो तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता. हिनं पाणी तापवलं.

१८ मार्च

टक्केवारीनं सांगितलं काय करावं लागेल. शून्यांचं वजन कमी करता येतं, पण कारणाशिवाय नाही. कोणत्या वर्षापासून कमी दिसायला लागलं, दरसाल किती वाढत गेलं, हे मी लेखी द्यायचं, समितीसमोर सही करायची. ते घातल्यावर मॉडेल काय सांगतं तेही तिनं काढून पाहिलंय. वीसांतल्या चौदा दगडांवर पाणमांजर असण्याची शक्यता दाट आहे. शून्यं मी मारली त्या दिवशीही ती तिथंच होती.

"आणि मी?"

तिनं खोटं सांगितलं नाही, एवढं तिचं म्हणावं लागेल. "ज्याला दिसत नाही त्याला मोजणीवर ठेवणार नाहीत, काका. नवा माणूस येईल. खोली त्याला लागेल."

म्हणजे सही नाही केली तर तिकीटखिडकी, केली तर नवा मोजणीदार. खोली दोन्हीकडून गेली. फक्त एकात पाणमांजरं राहतात.

मी तिला म्हटलं, आधी का नाही बोललीस? पहिल्या दिवशी पिशवीला हाड म्हटलं तेव्हाच तुला कळलं होतं.

"शंका होती," ती म्हणाली. "साठ टक्के."

२३ मार्च

हिला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, चार वर्षं झाली. तुम्ही साखर म्हणून बरणीतलं मीठ चहात घातलंत आणि तो प्यायलातही, बोलला नाहीत.

डॉक्टरकडं चला म्हणून दोन वर्षं मागं लागली होती. मला वाटायचं हिला शहरात फिरायला हवंय.

२८ मार्च

तलाव बंद राहिला. तीन वर्षं, मग पुन्हा मोजणी. हे आधी लिहून टाकतो, कारण बाकीचं लिहायला मन होत नाही.

लांब टेबल होतं, पलीकडं पाच-सहा माणसं. टक्केवारीनं माझा जबाब वाचून दाखवला. वाचून झाल्यावर माझ्या डावीकडून ठेकेदाराचा आवाज आला. "सोयीचं आहे. म्हातारा जागा वाचवायला आंधळा झाला. काल एकतीस वर्षं चुकलो नाही म्हणत होता, आज सहा वर्षं काही दिसलंच नाही म्हणतो. उद्या म्हणेल तलावात हत्ती आहे."

कुणीतरी हसलं. माझं डोकं सणकलं. मी उठलो, डावीकडं वळलो आणि पांढऱ्या शर्टाला सुनावलं. म्हटलं, जागा माझी आजच्या सहीनं जाते आहे, राहत नाही. कागद वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घे. तुझ्या बोटींनी तो चिखल खरवडून निघेल, आणि तू मला सोय शिकवतोस? असं बरंच. आईबापही काढले असावेत.

मग समोरच्या पांढऱ्या शर्टातून एक घाबरा आवाज आला, "मामा, मी टायपिस्ट आहे." ठेकेदार त्याच्या शेजारी होता, हातभर अंतरावर, लाल शर्टात म्हणे.

ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर मी कुणा सज्जन माणसाच्या आईबापापर्यंत गेलो नसतो. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि कागद पुढं सरकवायला सांगितलं.

टक्केवारी कागद घेऊन आली. मी पेन टेकवलं. ती वाकून म्हणाली, "तिथं नाही, काका, खाली," आणि तिनं सहीच्या रेघेच्या टोकाला आपलं बोट ठेवलं.

मी म्हटलं, बोट काढ. एवढं अजून दिसतं मला.

तिनं काढलं नाही. मी तिच्या नखाला पेन टेकवलं आणि तिथून सही केली.